भेटीची वेळ

"पडदा बघा, बटणावर सरकतो," बायको म्हणाली आणि तिनं तो दोनदा सरकवून दाखवला.

टर्नरसाहेबांनी बघितल्यासारखं केलं. खासगी हॉस्पिटलची ती खोली त्यांना दारातूनच मानवली नव्हती. एकट्या माणसाला एवढी ऐसपैस जागा, भिंतभर टीव्ही, जेवणात काय हवं ते निवडायला गुळगुळीत कार्ड. रिसेप्शनवरची मुलगी तर इतकं गोड बोलत होती की आपण झडप बदलायला आलोय की फ्लॅट बघायला, असा त्यांना प्रश्न पडला.

"झकास आहे," ते म्हणाले. "मेलो तरी कुणाला पत्ता लागणार नाही."

"अहो, काहीतरीच काय!"

झडप हृदयाची होती. मोठे डॉक्टर सकाळी सरकारी हॉस्पिटलात आणि दुपारी इथं, म्हणजे कापणारे हात दोन्हीकडे तेच. तरुणपणी लेथवर काम करायला या परक्या देशात आलेले टर्नरसाहेब (नाव बाजूला राहिलं, कामच कायमचं चिकटलं) हट्टाला पेटले होते: जायचं तर सरकारीत. आणि बायकोनं साफ सांगून टाकलं होतं, "तिथं मी पाय ठेवणार नाही." तिथंच सगळं अडलं होतं. टर्नरसाहेबांना ऑपरेशनची भीती वाटत होती आणि भूल उतरून डोळे उघडतील तेव्हा ती समोर हवी होती. बाकी कशाचं त्यांना काही नव्हतं.

बाहेरच्या मऊ सोफ्यावर बसून त्यांनी पुन्हा तोच विषय काढला.

"सरकारीतला तो जुना वॉर्ड आठव की. आठ खाटा, आठ तऱ्हा. मला इथल्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. मोठी सिस्टर हातवारे करून विचारायची, पोट साफ झालं का, आणि माझ्या आधी अख्खा वॉर्ड उत्तर द्यायचा."

बायकोच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं.

"आणि शेजारी! आपल्याच भाषेचा, म्हणून सिस्टरनं मुद्दाम आमच्या खाटा जवळजवळ लावल्या. दोघांचीही पोटं शिवलेली, आणि हा पठ्ठ्या असे विनोद करायचा की टाके उसवायची वेळ यायची. मी हात जोडायचो, बाबा रे, आज हसवू नकोस."

"हं," ती म्हणाली. तिनं पर्सची चेन उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"भेटीची वेळ झाली की तू दारात हजर. मधल्या स्टुलावर बसायचीस. डबा दोघांना पुरेल एवढा, पण वाढायचीस आधी त्याला. मला काय राग यायचा!"

"तुम्ही तेव्हाही हावरटच होतात."

"असू दे. आणि मला घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी तू सगळ्या वॉर्डला बिस्किटं वाटलीस. तुला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं."

"नका ना काढू ते."

"का नको? शेजारी बिचारा तिथून परतला नाही, ते दुःख मलाही आहे. पण माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं, ते त्या वॉर्डातूनच सुरू झालं." "तू नसशील तर मला दोन्ही हॉस्पिटलं सारखीच."

ती बराच वेळ सोफ्याच्या कापडावरून बोट फिरवत राहिली. मग उठली.

"चला. नुसतं बघून येऊ."

सरकारी हॉस्पिटलात रंग नवा लागला होता, पण जिन्यातला फिनेलचा वास जुनाच होता. वॉर्डात कुणी खोकत होतं, कुणी नातवाला रागे भरत होतं, खिडकीजवळच्या खाटेवर दोन म्हातारे पत्ते कुटत होते. टर्नरसाहेबांची कळी खुलली. त्या खाटेपाशी जाऊन त्यांनी गादीवर थाप मारली.

"हीच! हीच माझी खाट!"

पत्ते खेळणाऱ्यांनी त्यांना हसून जागा करून दिली. वॉर्डातली तरुण नर्स कौतुकानं पुढं आली. "आधी राहिला होतात वाटतं इथं?"

"राहिलो म्हणजे काय! आणि ही रोज यायची, एक दिवस चुकवला नाही," असं म्हणत त्यांनी बायकोला दाखवायला मागं पाहिलं.

ती शेजारच्या रिकाम्या खाटेपाशी उभी होती आणि चादरीवर नसलेली सुरकुती तळहातानं सारखी करत होती.

"किती छान," नर्स तिला म्हणाली. "म्हणजे इथूनच तुम्ही यांना धडधाकट घरी नेलंत."

बायकोनं मान हलवली. मग इथल्या भाषेत, एकेक शब्द जुळवत, सावकाश बोलली. "मोठी सिस्टर मला म्हणाली, उद्या तुझ्या नवऱ्याला घरी ने. तिची खाट चुकली. आम्ही परके लोक तिला सगळे एकसारखेच दिसायचो. घरी सोडायचं होतं ते यांना. माझा नवरा या खाटेवर होता."