बासष्ट नंबरचा संबळ

सिंथेसायझरच्या स्क्रीनवर ‘मेमरी रिकामी’ उमटलं.

मशीनची आतली बॅटरी संपत आली होती. ती बदलण्याआधी बाबांनी तीस वर्षं जमवलेले आवाज लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे होते. मी ‘घ्या’ऐवजी ‘पाठवा’ दाबलं आणि लॅपटॉपवरची कोरी फाइल त्या सगळ्यांवर चढली. बासष्ट नंबरला गोंधळी म्हादूकाकांचा संबळ होता. काका गेल्यावर त्यांचं तेवढंच उरलं होतं, आणि रविवारच्या गोंधळात बाबा तेच वाजवणार होते.

“झालं का गं?” बाबा आत आले. हल्ली ते माझ्या ओठांकडे बघतच ऐकायचे.

“झालं,” मी बोलून गेले आणि हळूच व्हॉल्यूम शून्यावर आणला. वायर सैल आहे, असं सांगणार होते.

बाबांनी बासष्ट नंबर लावला आणि डोळे मिटून बोटं चालवली. खोलीत फक्त पट्ट्यांची टकटक होती.

“म्हादूचाच हात,” ते हसले. “आवाज जरा कमी कर. शेजारी ओरडतील.”

मी शून्यावरचं बटण आणखी खाली ओढल्यासारखं केलं.