डावा गाल

"ताई, आईचा तीळ कुठल्या गालावर आहे गं?"

भावाने चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि दोन पावलं मागे सरकून, मान वाकडी करून तो बघत होता.

"डाव्या," खिळे निवडता निवडता ती म्हणाली.

"मग हा?"

तिने वर पाहिलं. चित्रातल्या बाईच्या उजव्या गालावर तीळ होता. तिने उगीचच स्वतःचे दोन्ही गाल चाचपून पाहिले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तांब्याच्या प्लेटवर सुईने रेखाटायचं, रेघा आम्लात खोल करायच्या, शाई भरायची आणि कागद दाबून ठसा घ्यायचा. ठसा आरशातल्यासारखा उलटा उमटतो, म्हणून प्लेटवर मुळातच उलटं काढायचं. बावीस वर्षं ती मुलांना पहिल्या तासाला हेच शिकवत आली होती. ती स्वतः आधी पातळ कागदावर चित्र काढायची आणि तो कागद पालथा घालून प्लेटवर उतरवायची. एका आईच्याच वेळी तिला कागद लागला नाही. आई समोर बसली होती आणि सुई आपसूक चालत गेली होती. पुढे ठसे घेताना शाई नीट चढतेय की नाही, सारं लक्ष तिकडेच.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान..." भाऊ पुटपुटला, पण तिचा चेहरा पाहून त्याने पुढचं गिळलं. "अगं, एवढासा तीळ! कोणाला कळणार आहे?"

"आईला कळेल. सात महिने बसवलंय तिला माझ्यासमोर. काढ ते. तिथे झाडाचं लाव."

प्रदर्शन पाचला उघडायचं होतं. तिचं एकटीचं, पहिलंच. मधली मोठी भिंत आईसाठी राखून ठेवली होती.

भावाने चित्र उचललं, तोच जिना चढून धापा टाकत आई दारात उभी.

"काय रे, मला कुठे घेऊन निघालास?"

भावाने चित्र हातात तसंच धरून ताईकडे पाहिलं.

"सात महिने 'हलू नको, बोलू नको'. आणि आता मीच नको होय?"

"चुकलंय, आई," ती खाली बघत म्हणाली. "तू उलटी आलीस."

"बघू."

भावाने चित्र पुन्हा भिंतीला टेकवलं. आईने चष्मा लावला, काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ पाहिलं.

"काय चुकलंय यात? रोज सकाळी केस विंचरताना आरशात हीच तर असते. अगदी हुबेहूब मी."

भाऊ खो खो हसला. "घ्या! खुद्द मालकीणबाईंनी पास केलं."

तिने खिळ्यांशेजारचा हातोडा उचलला आणि मधल्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकला. चित्र अडकवलं. सरळ आहे ना, म्हणून आईला विचारायला ती वळली, तर आई खिडकीजवळच्या टेबलाशी वाकली होती. लोकांना बघायला म्हणून प्लेट तिथे मांडून ठेवली होती. तांब्यावरच्या रेघांमध्ये शाई तशीच राहिली होती, त्यामुळे चेहरा स्पष्ट दिसत होता.

"आणि ही कोण?"

"तूच, आई. ती मूळ प्लेट. तिच्यावर तीळ बरोबर आहे बघ. आम्हाला दिसतेस तशी."

आईने प्लेट दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरली. अनोळखी पाहुणीकडे बघावं, तशी ती त्या बाईकडे बघत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दोघं हिला आई म्हणत होतात?"