बारा प्लेटा भजे

आर्वीतल्या एका शाळेचं सारं रेकॉर्ड क्लाउडवर चढवलं आणि शाळेचे कारकून ओमप्रकाशबाबूंनी जुनी रजिस्टरं रद्दीत विकली. महिनाभरात खातं लॉक झालं. ओटीपी जायचा जुन्या हेडमास्तरांच्या नंबरवर, आणि तो नंबर केव्हाच बंद.

वर्षालीला पोलीस भरतीसाठी उद्याच शाळेचा दाखला हवा होता.

“बाबूजी, दहावी इथंच केली न मी!”

“मले माहीत हाये. पण तुयं नाव वरतं अडकलं. डेपोसमोरच्या भजेवाल्याकडे पाय, रद्दी त्यानंच नेलती.”

संध्याकाळी ती एक तेलकट कागद घेऊन आली.

“बारा प्लेटा खाल्ल्या बाबूजी. माझं पान नाई भेटलं. तुमचं भेटलं.”

बाबूंच्याच सेवापुस्तकाचं पहिलं पान होतं ते. रिटायरमेंट दोन महिन्यांवर आलेली, आणि पेन्शन त्याच पुस्तकावरून ठरायची.

“चाल पोरी,” बाबू उठले, “आता मलेबी भूक लागली.”