पाखराची माय

दिवाळीत गल्लीतल्या लेकरांना दाखवायला लक्ष्मणरावांनी जवळच्या भैंसा शहरातून व्हिडिओ आणि कार्टूनची कॅसेट भाड्याने आणली. लेकरं जमायच्या आधी वहिनीला, रेणुकाबाईला, समोर बसवून ती पाहून घेतली. राक्षस होता, पण हसरा. फटाके होते, पण भाजलं कोणी नाही. मग वादळात पाखराची माय मेली, आणि रेणुकाबाई उठूनच उभी राहिली.

"हे नाई दाखवाचं, भाऊजी. तुमची राही बसन ना समोर."

"पन पुढं पिलं दिवे लावतेत, वयनी. चांगलं हाय."

"तिची माय गेली तवा काऊन पाठवलं आपुन तिले मामाच्या गावाले? लहान जीवाले झेपते का हे?"

लक्ष्मणरावांनी कॅसेट पुन्हा सुरुवातीला आणून ठेवली. बायको गेल्यावरची ही पहिलीच दिवाळी होती. संध्याकाळी वादळ सुरू झालं तसं त्यांनी कॅसेट पुढे पळवायचं बटण दाबून धरलं. पडदाभर रेघा धावल्या आणि एकदम घरट्यात दिवे लागले. लेकरांनी टाळ्या पिटल्या. रेणुकाबाईच्या जिवात जीव आला.

राहीच्या मांडीवर बसलेल्या शेजारच्या बेबीने मात्र विचारलं, "अक्का, पाखराची माय कुठी गेली वं?"

"मेली असन," राही दिव्यांकडे बघत म्हणाली. "माय मेली की मोठी मानसं लेकराईले दाखवत नाईत."