उजवीकडचा उजेड

"दिवा आणखी खाली घे," कुरामोतोसान गादीवर बसल्या बसल्या म्हणाले. "लोखंडाचा फोटो काढतोयस, नवरीचा नाही."

ओगाताने निमूटपणे दिवा खाली घेतला. सकाळपासून हेच चाललं होतं आणि त्याची कंबर केव्हाच बोलायला लागली होती.

खोलीभर लाकडी डब्या पसरल्या होत्या. प्रत्येक डबीत कापसाच्या गादीवर एक त्सुबा, म्हणजे तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मध्ये बसणारी तळहाताएवढी चकती. कुमामोतो प्रांतातल्या जुन्या कारागिरांची ही कामं कुरामोतोसाननी आयुष्यभर जमवली होती. आता मुलगी त्यांना आपल्या घरी नेणार होती आणि चकत्या शहरातल्या संग्रहालयात जाणार होत्या. त्याआधी सगळ्यांचे फोटो काढून त्यांचं एक पुस्तक करायचं होतं.

मुलगी, मिवाको, रताळं भरलेले गरम गोळे घेऊन आत आली.

"बाबा, या लोखंडाला जपलंत त्याच्या निम्मं जरी गुडघ्यांना जपलं असतंत ना, तर आज नाचला असतात."

"नाचून काय करू? तुझ्या सासूला घाबरवू?"

"ती नाही घाबरायची. ती तुम्हालाच नाचवेल." मिवाकोने कोपऱ्यातली डबी उचलली. "आणि ही वेगळी का ठेवलीय?"

"ती शेवटी."

ओगाताला डबी उघडायची गरजच नव्हती. आत दोन सारस होते, पंखाला पंख लावून उडणारे.

बघणारे सगळे ही चकती तीनशे वर्षांची समजत. ती ओगाताच्या वडिलांनी केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या तलवारी काढून घेतल्या गेल्या, तेव्हा कोरीव काम करणाऱ्याला कोण विचारणार? वडील चकत्या घडवायचे, परसात पुरून गंजवायचे आणि जुन्या म्हणून विकायचे. ही पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आली तेव्हाच ओगाताने ओळखली होती. पातं घट्ट बसावं म्हणून मधल्या भोकाभोवती छिन्नीचे घाव घालतात. हिच्यावरचे घाव उलट्या बाजूला कललेले होते. वडील डावरे होते. शाळेत मार खाऊन चारचौघांत उजव्या हाताने जेवायला शिकले, पण हातोडा कायम डाव्याच हातात.

नशीब एवढंच, की हिचा फोटो काढताना कुरामोतोसानना उजेड नेहमी उजवीकडूनच हवा असायचा. "सारस उजवीकडूनच खुलतात," म्हणायचे. त्या उजेडात घावांचा कल सावलीत बुडून जाई. तज्ज्ञांचा दाखलाही त्यांनी कधी मागवला नाही. "कागद कशाला? मला डोळे आहेत." हा ताठा बघून ओगाताला हसूही यायचं आणि रडूही. ही घेतली कुठे म्हणून कुणी विचारलं, तर एकदा फुकुओकाचं दुकान सांगत, एकदा कुरुमेची जत्रा. वय झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

पण संग्रहालयातले लोक भिंग घेऊन बसतील. उतारवयात कुरामोतोसानचं हसं होईल आणि गेलेल्या बापाला चोर ठरवतील. तीस वर्षं ओगाताने हे पोटात ठेवलं होतं. फार थकला होता तो. कितीदा वाटलं, सांगून मोकळं व्हावं. पण दरवेळी कुरामोतोसान मऊ फडकं घेऊन नेमकी हीच चकती पुसत बसलेले दिसायचे.

"ही पुस्तकात नको घालू या," तो शेवटी म्हणाला.

"का रे?"

"हिचा फोटो चांगला येत नाही."

"तीस वर्षं काढतोयस, आत्ता कळलं होय?"

ओगाताने चकती कापडावर मांडली आणि सवयीने दिवा उजवीकडे सरकवला.

"तिकडे नको. डावीकडून."

ओगाताने दिवा हातातून सोडला नाही. "पण सारस... तुम्हीच म्हणता ना, उजवीकडूनच..."

"सारसांना काय धाड भरलीय?" कुरामोतोसाननी हात पुढे केला. मिवाकोने त्यांना उठवून कॅमेऱ्याजवळ आणून बसवलं. ते चकतीवर वाकले.

"तुझ्या बाबांच्या अंत्यविधीला मी आलो होतो, आठवतं?"

"आठवतं. माझ्यासाठी एवढ्या लांब आलात."

"तुझ्यासाठी नव्हे." त्यांनी चकती कडेला धरून अलगद सरळ केली. "ही ना दुकानातली, ना जत्रेतली. एक माणूस ऐन थंडीत दारात आला. जुनी म्हणून विकायला आणली होती, पण ते काही त्याच्या तोंडून निघेना. 'मीच केलीय,' म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. आधी विकलेल्या खोट्या चकत्या उघड्या पडतील म्हणून नाव झाकायला सांगितलं, ते मी आजवर झाकलं. आता पुस्तकात हिच्याखाली त्याचं नाव घाल. आणि ने तो दिवा डावीकडे. तुझा बाप डावरा होता, एकदा तरी दिसू दे लोकांना."