गाडी गियरमध्ये आहे

"आबा, हँडब्रेक ओढायचा राहिला," सूरज म्हणाला.

हौशीरामांनी मुलाकडे नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं. सूरजनं मान खाली घातली आणि शर्टाची कॉलर नीट केली. मुलगी बघायला आल्यावर तिच्याच दारात मुलानं बापाची चूक काढावी, असं वळण हौशीरामांच्या लोणीच्या घरात नव्हतं.

गाडी ऑटोमॅटिक होती. गेल्याच महिन्यात पुण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. २००६ सालच्या डिंगोऱ्यात, म्हणजे मुलीच्या गावात, क्लच नसलेली गाडी अजून कुणी पाहिली नव्हती, आणि ती लोकांनी पाहावी म्हणून तर हौशीराम ती घेऊन आले होते. विकताना डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. पाय ब्रेकवर ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, मग दांडी P वर न्यायची आणि मगच पाय उचलायचा. हौशीरामांनी ऐकून घेतलं, कारण डॉक्टरांनी चहा दिला होता. बाकी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला गाडी उभी करायला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. उतारावर ट्रॅक्टर गियरमध्ये ठेवून बंद केला की जागचा हलत नाही. म्हणून त्यांनी ही गाडीसुद्धा गियरमध्ये, म्हणजे पुढं चालवायच्या D वर ठेवली आणि इंजिन बंद केलं. मग किल्ली काही केल्या निघेना.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ते म्हणाले. "आपल्या गाडीला हात लावायची छाती हाय का कुणाची?"

अंगणाच्या उतारावर पुढच्या चाकाला एक दगड अडला होता, म्हणून गाडी थांबली होती. मान मात्र हौशीरामांनी स्वतःकडे घेतला आणि ते ऐटीत घरात शिरले.

घर कुशाबांचं. मुलगी त्यांची, श्रेया. कुशाबांना हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. बागायती जमीन, एकुलता एक मुलगा, दारात चारचाकी. पण त्यांनी पोरीला शब्द दिला होता की तू हो म्हणालीस तरच. असा शब्द पुष्कळ बाप देतात, आणि मग पोरीकडे अशा नजरेनं बघत बसतात की तिला हो म्हणावंच लागतं. आयुष्य श्रेयाचं ठरायचं होतं, त्यामुळे ती सोडून सगळे बोलत होते.

"आमचा सूरज बी. कॉम. झालाय," हौशीराम सांगत होते, "पण मला इचारल्याबिगर पाणी पित न्हाई."

"लई गुणी," कुशाबा म्हणाले. त्यांना ते मनापासून आवडलं.

सूरज खाली बघून हसला. दिसायला बरा होता, स्वभावानं गरीब होता, नोकरीला होता. त्याच्यात खोट काढायला जागाच नव्हती.

बाहेर अंगणात शेजारचे धर्माजी गाडीच्या काचेला नाक लावून क्लच कुठं गेला ते शोधत होते. नाही सापडला, तेव्हा कंटाळून ते डिकीला चांगले रेलून उभे राहिले. अंगणाच्या खालच्या टोकाला, हौदाशी, श्रेयाची सोनीमावशी घराकडे पाठ करून पोह्यांच्या बशा विसळत होती.

चहाचा ट्रे घेऊन श्रेया आतल्या दारात आली. सूरजची खुर्ची अंगणाच्या दारासमोर होती. त्यानं बाहेर पाहिलं. तो खुर्चीतून अर्धा उठला. मग त्यानं आबांकडे पाहिलं. आबा बोलत होते, विषय ठिबकचा होता आणि रंगात आला होता. सूरज परत बसला. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

श्रेयानं त्याच्या नजरेच्या रोखानं बाहेर पाहिलं आणि ट्रे सरळ हौशीरामांच्या मांडीवर ठेवला. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पदर सावरून सावकाश चालायचं असतं, हे तिला आठवडाभर शिकवलेलं होतं. ते विसरून ती पळत सुटली.

गाडी घाईत नव्हती. मिरवणुकीतल्या बैलासारखी दमानं उताराला लागली होती. टेकू सुटल्यानं मागं धर्माजी मातीत बसले होते. श्रेयानं पळता पळता दार उघडलं, अर्धं अंग आत टाकलं आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक वर ओढला. वडिलांच्या जीपवर हात बसलेला, म्हणून शोधावा लागला नाही. गाडी सोनीमावशीच्या पाठीशी येऊन थांबली. मावशीनं वळून पाहिलं आणि हातातली बशी सोडली.

सगळे अंगणात धावले. हौशीराम ट्रेसकट आले. माणूस दिलदार, त्यांनी गाडीला तिथल्या तिथं माफ केलं.

"आटोमॅटिक म्हनल्यावर जरा हालनारच," ते म्हणाले. मग त्यांची नजर श्रेयावर गेली आणि ते खूश झाले. "पोरगी चपळ हाय, कुशाबा. आमची पसंती. काय रं सूरज?"

"तुम्ही म्हणाल तसं, आबा."

कुशाबांचा चेहरा उजळला. त्यांनी ठेवणीतली ती नजर काढली आणि लेकीकडे पाहिलं.

श्रेया अजून गाडीतच होती. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला फार राग आला होता.

"आप्पा, गाडी सुटलेली त्यांनी माज्या आदी बगितली," ती म्हणाली. "बगून आबांकडं बगितलं, अन् गप खाली बसले. आज म्होरं मावशी व्हती. उद्या मी असंन."