हाय की!

"वॉशरचा खोका जागेवर आहे का?" कानातल्या हेडफोनमधून गोदामाच्या नव्या मशीननं विचारलं.

"हाय," हौसाक्का म्हणाली.

"हाय! कसे आहात? मी आपली काय मदत करू?"

"आत्ता गं बया! खोका हाय म्हणतो न्हवं!"

बाहेर ट्रक खोळंबलेला. संध्याकाळच्या आत माल निघाला नाही, तर कोल्हापुरातली ही ऑर्डर थेट राजकोटच्या कारखानदारांच्या घशात जाणार. होकार कळल्याशिवाय मशीन पुढचा खोका सांगेना, आणि गोदामभर आम्ही सगळे हेडफोन लावून आपापल्या रॅकपुढं उभे राहून मशीनची ख्यालीखुशाली ऐकतोय.

मशीन बसवायला पुण्याहून आलेले साहेब धावत आले. "मावशी, हाय नाही. आहे म्हणा. आ-हे."

"त्येच म्हणतोय की सायेब. हाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग तिचा हेडफोन स्वतःच्या कानाला चढवला आणि तिच्या मागं मागं चालू लागले. हौसाक्का खोका बघून "हाय" म्हणायची, साहेब मशीनला "आहे" सांगायचे. तिचं झालं की पुढच्या रॅकवर आमच्या मागं. माणसं कमी करायला आणलेल्या मशीनला दुभाषी लागला, तोही इंजिनिअर!

पण ट्रक भरला. ड्रायव्हरनं गाडी काढली तसे मालक आत आले. "काय साहेब, तुमचं मशीन कामाचं आहे ना?"

साहेबांनी घाम पुसला, छाती फुगवली आणि ठणकावून म्हणाले, "हाय की!"

त्यांच्या कानात मशीन लगेच म्हणालं, "हाय! कसे आहात?"